लाल टोपी, नारंगी टोपी

टेबलावर मी दोन सिरिंजा ठेवते. एकीची टोपी लाल, दुसरीची नारंगी. शेजारी इन्सुलिनची संपलेली व्हायल, धुऊन पाणी भरलेली, पाण्यात निळ्या शाईचा एक थेंब. समोर बसलेल्या सिस्टरांना सांगते, "दहा युनिट भरा." बाकी काही सांगत नाही.

शनिवारची सकाळ असते, औषधं बिनचूक देण्याच्या माझ्या वर्गाची. नाशिकमधल्या तीन-चार खासगी हॉस्पिटलांतल्या आणि दोन ग्रामीण रुग्णालयांतल्या मिळून पंचवीस-तीस जणी, दोन ब्रदर. काही जणी नाइट करून, सकाळच्या पाळीला ओव्हर देऊन, घरी न जाता थेट आलेल्या. खिडकीबाहेर दिंडोरी रोडवरून वणीच्या जीपा हॉर्न वाजवत जातात. याच रस्त्यावर थोडं पुढे म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली ते स्थापन झालं आणि महाराष्ट्रभरच्या नर्सिंग पदवीच्या परीक्षा तिथून चालतात. त्या परीक्षांत 'औषध देण्याचे पाच नियम' हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तर सगळ्यांना पाठ असतं. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ. मी विचारलं तर वर्ग एका सुरात म्हणतो, आरती म्हटल्यासारखा.

आणि तरीही दहा युनिट भरा म्हटलं की निम्म्याहून अधिक जणी हाताला येईल ती सिरिंज उचलतात आणि दहाच्या रेषेपर्यंत भरतात.

लाल टोपीची सिरिंज चाळीसच्या व्हायलसाठी, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या. नारंगी शंभरच्या इन्सुलिनसाठी. दहाची रेष दोन्हींवर आहे, पण लालमध्ये तिथपर्यंत पाव मिलिलिटर मावतं आणि नारंगीत त्याहून खूप कमी, मिलिलिटरचा दहावा हिस्सा. चाळीसच्या व्हायलमधून नारंगी सिरिंजेनं 'दहा' भरले की अंगात जातात चार. शंभरच्या व्हायलमधून लाल सिरिंजेनं 'दहा' भरले की जातात पंचवीस. दोन्ही वेळा हात बरोबर, रेष बरोबर, चार्टवर लिहिलेलं बरोबर. पाचही नियम पाळल्याचं समाधानसुद्धा.

मला हे पुस्तकातून कळलं नाही.

नोकरीचं दुसरं वर्ष. एका खासगी हॉस्पिटलात नाइट होती, नाव सांगत नाही. चांदवडकडचे एक बाबा, पायाच्या जखमेसाठी ॲडमिट, साखर वाढलेली. रात्रीच्या जेवणाआधी वीस युनिट, असं फाइलवर. इन्सुलिन आणि सिरिंजा नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून आणायच्या, अशी तिथली पद्धत. मुलानं व्हायल चाळीसची आणली आणि सिरिंजा नारंगी टोपीच्या. मी विसाच्या रेषेपर्यंत भरून तीन रात्री दिल्या. साखर हलेना. हलणार कशी, जात होते आठच. डॉक्टरांनी राउंडला डोस तीसवर नेला. तेही बिचारे फाइलवर दिसतं त्यावरूनच ठरवणार. चौथ्या दिवशी सिरिंजांचं पाकीट संपलं, मुलगा दुसऱ्या दुकानात गेला आणि लाल टोपीच्या घेऊन आला. त्या संध्याकाळी बाबांना पहिल्यांदाच खरेखुरे तीस युनिट गेले.

पहाटे तीनला सून सांगायला आली, बाबा काहीतरी बरळतायत, सदरा घामानं भिजलाय. साखर ४२, फारच कमी. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून दिलं, आरएमओ म्हणजे निवासी डॉक्टर आले, बाबा वीस मिनिटांत भानावर येऊन चहा मागायला लागले. सकाळी मी कचऱ्याचा डबा उपसला आणि दोन रंगांच्या टोप्या हातात घेऊन उभी राहिले. माझ्या सिनियर सिस्टरांनी ते पाहिलं. म्हणाल्या, "टाक ते. हातबित धू आणि घरी जा." फाइलवर 'साखर कमी झाली, उपचार दिले' एवढंच आलं. मुलानं जाताना मला पेढे दिले. बाबांना वाचवलं म्हणून.

ते पेढे मी खाल्ले. हे मी वर्गात सांगते, कारण नाही सांगितलं तर पुढचं कुणी काही सांगत नाही.

*

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाचं. हिशेब मी नर्सिंगला नाही शिकले, अण्णांच्या बागेत शिकले. ऑक्टोबर छाटणीनंतर घड दिसायला लागले की जीएचे हात, म्हणजे फवारे, सुरू होतात. जीए म्हणजे जिब्रेलिक ॲसिड, मणी लांबवायला आणि फुगवायला. पांढरी पावडर, पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून आधी थोड्या ॲसिटोनमध्ये विरघळवायची. एक ग्रॅम शंभर लिटरला म्हणजे दहा पीपीएम, दहा लाख भागांत दहा. हे आमच्याकडे सातवीतल्या पोराला तोंडपाठ असतं. कमी पडलं तर मणी खुरटा, जास्त झालं तर देठ जाड होतो आणि घड ताठरतो. अण्णा पाकीट फोडण्याआधी त्यावरची टक्केवारी मोठ्यानं वाचत आणि आई ती मोठ्यानं परत म्हणायची. आईला इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत होते. एकदा आईचा आकडा वेगळा आला आणि अण्णांनी टाकीच उलटी केली. दोनशे लिटर पाणी, तेही जानेवारीतलं, विहीर तळाला गेलेली असताना.

वर्गात सलाईनच्या थेंबांचं गणित आलं की पोरींचे चेहरे पडतात. पाचशे मिलिलिटर चार तासांत, सलाईनच्या नळीच्या सेटच्या पाकिटावर मिलिलिटरला २० थेंब लिहिलंय, मिनिटाला किती? सूत्र फळ्यावर असतं, तरी पेनं हलत नाहीत. एकदा मी सूत्र पुसलं आणि विचारलं, "तुमच्यात द्राक्षवाल्या किती?" सात हात वर आले. "पाचशे लिटरची टाकी चार तासांत रिकामी करायची, नोझल मिनिटाला किती सोडणार?" पिंपळगावची एक मुलगी तोंडी हिशेब करून म्हणाली, "दोन लिटरच्या वर थोडं." मग मिलिलिटर आणि थेंब आले, आणि बेचाळीस हे उत्तर तिनं स्वतः काढलं. नंतर कांदेवाल्याही सोडवायला लागल्या. मी काही फार मोठा शोध लावला असं नाही, पण घरात जे रोज करतो ते कॉलेजात आलं की आपल्याला येत नाही असं समजायची सवय आपल्याला कुणी लावली, हे मला अजून कळलेलं नाही.

नोंदीचंही तसंच. २०१० साली सीसीसी नावाच्या वाढरोधकाच्या अंशावरून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. तेव्हा आमच्या पंचक्रोशीत जे घाबरगुंडीचे दिवस होते ते मला आठवतात. त्यानंतर अण्णांची फवारणीची वही सुधारली. तारीख, औषध, प्रमाण, कुठल्या प्लॉटला, कुणी मारलं. पंप खांद्यावरून उतरला की लगेच लिहायचं, संध्याकाळी आठवून नाही. वॉर्डात मात्र सकाळी सहाची औषधं पावणेसहालाच चार्टवर 'दिली' म्हणून टिकमार्क होऊन बसतात, कारण सातला ओव्हर द्यायची असते. मीही केलंय. तीस पेशंटना दोघी जणी, त्यात एक शिकाऊ, तर दुसरं काय होणार? हे फक्त सिस्टरच्या आळसावर ढकलणाऱ्यानं एक नाइट करून पाहावी.

*

दुपारच्या सत्रात एक खेळ घेते. एकीनं ट्रेमध्ये तीन पेशंटची इंजेक्शनं लोड करायची. बाकीच्यांनी नातेवाईक व्हायचं. सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य एकच, "सिस्टर, सलाईन संपलं!" त्याच्या मागोमाग, "सिस्टर, बेडपॅन," "सिस्टर, डॉक्टर कधी येणार," "सिस्टर, जरा फोन चार्जिंगला लावता का?" हसून हसून मुरकुंडी वळते. मग ट्रे तपासतो. एका सिरिंजवर लेबल नाही, एक ॲम्प्युल फोडायची राहिली, आणि डिस्टिल्ड वॉटर समजून पोटॅशियम क्लोराइड उचललेलं. दोन्हींच्या प्लास्टिकच्या ॲम्प्युली सारख्याच दिसतात. दहा मिलिलिटरच्या त्या छोट्याशा ॲम्प्युलीत वीस मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. सलाईनच्या बाटलीत नीट मिसळून सावकाश गेलं तर औषध, शिरेत सरळ ढकललं तर हृदय थांबतं. तिथं हसणं थांबतं.

परदेशात काही हॉस्पिटलांत औषधं देणाऱ्या नर्सनं लाल जॅकेट घालायचं असतं, पाठीवर 'मला अडवू नका' असं लिहिलेलं. आमच्याकडे तसं जॅकेट घातलं तर लोक आधी ते काय लिहिलंय हेच विचारायला थांबवतील, असं एक ब्रदर म्हणाला. खरंय. एका सिस्टरनं मात्र वेगळा उपाय काढला होता. ती ट्रॉली ढकलायच्या आधी वॉर्डच्या दारात उभी राहून सांगते, "अर्धा तास मी औषधं देतेय. सलाईन संपलं तर मावशींना सांगा, त्या नळी बंद करतील." नियमाच्या काटेकोर भिंगातून पाहिलं तर मावशींनी सलाईनला हात लावणं बसत नाही. पण तिच्या वॉर्डात त्या अर्ध्या तासात शांतता असते.

सारख्या नावांचा, सारख्या खोक्यांचा घोळ सगळ्यांना माहीत आहे. रक्तदाबाची नुसती ॲम्लोडिपिन आणि ॲटेनोलॉल मिसळलेली ॲम्लोडिपिन एकाच कंपनीच्या एकसारख्या पट्टीत येतात. लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचं तर विचारूच नका. दहा किलोच्या बाळाला दीडशे मिलिग्रॅम द्यायचं तर ड्रॉप्सचे दीड मिलिलिटर, सिरपचे तीन किंवा सव्वासहा, कुठलं सिरप आहे त्यावर. आई घरी जाऊन चमच्यानं मोजणार आणि चमचा कुठला, तर पोह्यांचा.

ज्यावर कमी बोललं जातं ती गोष्ट आपल्या आकड्यांची. देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ शेजारी लिहून पाहा. देवनागरी ७ आणि इंग्रजी सहा पाहा. चिठ्ठी इंग्रजीत असते, पण डिस्चार्ज घेताना पेशंटची सून किंवा भाऊ वहीत मराठीत उतरवून घेतो, आणि पुढच्या वेळी तीच वही ॲडमिशनला आमच्यासमोर येते. सुरगाण्याकडच्या एका आजींच्या वहीत 'रात्री १ गोळी' असं होतं. नव्या सिस्टरनं घाईत ते नऊ वाचलं आणि हसून मला दाखवलं, "मॅडम, आजी नऊ गोळ्या घेतात." नऊ इतकं अशक्य होतं म्हणून ती हसली. ७ युनिटचे सहा झाले असते तर कुणी हसलं नसतं, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तेव्हापासून मी वहीत आकड्यापुढे अक्षरात लिहायला लावते, 'एक', 'सात', अगदी बँकेच्या चेकसारखं. डॉक्टरांनी औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असं मेडिकल कौन्सिलनं २०१६ मध्ये सांगून झालंय. आकड्यांच्या लिपीबद्दल कुणी काही बोललेलं मी ऐकलं नाही.

*

पण हे सगळं शिकवता येतं. सिरिंज, थेंब, वही. चार शनिवारांत हात बसतो. जे शिकवताना माझी दमछाक होते ते वेगळंच आहे.

पहिल्याच बॅचला एका सिस्टरनं विचारलं होतं, "मॅडम, डोस चुकीचा वाटला तर डॉक्टरांना विचारायचं कसं?" मी म्हटलं, "विचारायचं, सर, हा डोस नक्की का?" सगळ्या माझ्याकडे असं बघायला लागल्या, जसं मी पंचवटी कारंजाच्या चौकात भर दुपारी नाचायला सांगितलंय. एक जण म्हणाली, "असं विचारलं तर म्हणतील, डॉक्टर तू का मी?" दुसरी म्हणाली, "आमच्याकडे म्हणतीलच असं नाही, पण दुसऱ्या दिवशी राउंडला माझ्याकडे बघणार नाहीत." मागच्या बाकावरच्या, पन्नाशीच्या एक सिस्टर तोपर्यंत काही बोलल्या नव्हत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी सांगते कसं विचारायचं ते. 'सर, मला नीट ऐकू नाही आलं, परत सांगता का?' दुसऱ्यांदा सांगताना ते स्वतःच सुधारतात. मी वीस वर्षं बहिरी आहे."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. घरी जाताना मात्र ते वाक्य माझ्याबरोबर बसमध्ये चढलं. बाईचे कान शाबूत, पंधरा की पन्नास हे तिला पहिल्याच वेळी ऐकू आलेलं, त्यातलं पन्नास शक्य नाही हेही तिला कळलेलं. तरी दोष स्वतःच्या कानाकडे घेतल्याशिवाय ते तोंडातून बाहेर काढता येत नाही. पेशंट वाचतो, हे कबूल. पण डॉक्टरला आपण चुकत होतो हे कधीच कळत नाही, आणि दुसऱ्या मजल्यावर नव्यानं लागलेली, अजून बहिरी व्हायला न शिकलेली पोर तोच पन्नासचा डोस भरते.

मी शिकवते ते वाक्य असं आहे, "सर, मी लिहून घेतलंय, वाचून दाखवते." औषधाचं नाव, मग आकडा फोडून, 'फिफ्टीन, एक-पाच', मग मार्ग, मग पेशंटचं नाव. समोरून 'हो' आल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. यात शंका डॉक्टरवर जात नाही, माझ्या कानावरही येत नाही, ती कागदावर जाते. बऱ्याच जणींना हे जमतं. पण खरं सांगायचं तर यातही आम्ही वाकतोच, थोडं कमी. सरळ 'हे चूक वाटतंय' म्हणायला शिकवायला मी अजून तयार झालेली नाही. कारण ते म्हटल्यावर तिच्यामागे कोण उभं राहील, हे मला सांगता येत नाही.

एकदा मी काही ओळखीच्या डॉक्टरांनाच वर्गात बोलावलं. दोघं आले. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सिस्टरांनी त्यांना फोन करायचा असा सराव घेतला. त्यातले एक फिजिशियन, तिसऱ्या फोनला चिडले. खोटं खोटं नाही, खरोखरच. "अहो, मी सांगितलं ना एकदा!" मग स्वतःच थांबले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "असंच वाटत असतं का तुम्हाला?" मला ती दुपार सगळ्या शनिवारांपेक्षा जास्त कामाची वाटली. पुढच्या वेळी मात्र त्यांना वेळ मिळाला नाही.

*

आता औषध लिहून देण्याबद्दल. वर्गात हमखास निघणारा विषय, आणि सगळ्यात जास्त आवाज चढतो तो इथे. ब्रिटनमध्ये २००६ पासून त्यासाठीचा खास अभ्यासक्रम आणि देखरेखीखालचा सराव पूर्ण केलेल्या नर्सला जवळजवळ संपूर्ण औषधयादीतून स्वतः लिहून देता येतं. तिकडे गेलेल्या मैत्रिणी फोनवर सांगतात तेव्हा इकडच्यांचे डोळे चमकतात. आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग कायद्यात, कलम ३२ मध्ये, सामुदायिक आरोग्य पुरवठादार नावाची जागा ठेवलीय, प्राथमिक आणि प्रतिबंधक सेवेपुरती ठरावीक औषधं स्वतंत्रपणे लिहिण्याची. त्यावर डॉक्टरांचा विरोध झाला, आंदोलनं झाली.

पण पेठ-सुरगाण्याच्या उपकेंद्रातली सिस्टर कायद्याची वाट बघत थांबलेली नसते. गरोदरपणातल्या झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पेशंट पुढे पाठवायची मुभा सरकारी मार्गदर्शक सूचनांनीच उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टरला दिलेली आहे. एकूण दहा ग्रॅम, प्रत्येक कुल्ल्यात खोलवर पाच. ॲम्प्युल एका ग्रॅमची, दोन मिलिलिटरची. म्हणजे बाई झटके देतेय, नवरा दारात रडतोय, लाइट गेलीय, आणि एकटीनं मोबाइलच्या उजेडात दहा ॲम्प्युली फोडायच्या. एका सिस्टरनं वर्गात हे करून दाखवलं. टेबलावर दहा रिकाम्या ॲम्प्युली ओळीनं मांडल्या आणि म्हणाली, "फोडलेल्या मोजायच्या नाहीत, उरलेल्या मोजायच्या. फोडलेल्या अंधारात खाली पडतात." हे कुठल्या पुस्तकात आहे? मी ते माझ्या वहीत उतरवून घेतलं.

माझं मत विचाराल तर, लिहिण्याचा अधिकार आज सरसकट मिळाला तर मला भीती वाटेल. आधी थांबवण्याचा अधिकार हवा. 'हे औषध मी आत्ता देत नाही, तुम्ही येऊन बघा' असं चार्टवर लिहून खाली सही करता यायला हवी, आणि त्या सहीनंतर नोकरी टिकायला हवी. ते झालं की पुढचं बोलू. माझ्या या मतावर तरुण पोरी नाराज असतात. मॅडम जुन्या विचारांच्या, असं जेवणाच्या सुट्टीत बोललेलं कानावर आलंय. मी बहिरी नाही.

येत्या सिंहस्थात जिल्ह्याजिल्ह्यांतून स्टाफ इकडे येईल. तपोवनातल्या तात्पुरत्या दवाखान्यांत अनोळखी ट्रॉली, अनोळखी कप्पे, शेजारी अनोळखी सिस्टर. मी आत्तापासून एकच सांगत सुटलेय, पहिल्या दिवशी पोटॅशियम कुठल्या कप्प्यात आहे ते बघा आणि तिथून उचलून वेगळं ठेवा.

*

मागच्या रविवारी अण्णांचा फोन आला. बाग आता भाऊ बघतो, अण्णांना रक्तदाब निघालाय.

"काय गं, ही सकाळची गोळी अर्धी घ्यायची का अख्खी? डॉक्टरांनी बदलून दिली."

"अण्णा, डॉक्टरांना विचारा."

"रविवार हाय. आन् तू काय मग शाळेत नुसती पोरी हसवती का? सांग की."

"बरं, पट्टी हातात घ्या. चष्मा लावा. नाव वाचा, एकेक अक्षर."

"ए… एम… एल… ओ…"

"पुढे?"

थोडा वेळ पट्टीचा खुळखुळाट ऐकू आला. ते उजेडाकडे सरकले असावेत.

"पुढं काय न्हाई. मेडिकलवाल्यानं दहातल्या सहाच दिल्या ना, पुढचं कापून त्याच्याकडंच ऱ्हायलं."